दादा प्यायलेला नव्हता

मिरकरवाडा, रत्नागिरी
१४ नोव्हेंबर

प्रिय रुपाली वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईबाबांना नमस्कार, चिमाला पापा. आंजर्ल्याला पहाटे गारवा पडू लागला असेल, इथे अजून घामच आहे. बांगडा एवढा आलाय की आपल्या मांजरीनेही त्याच्याकडे पाठ फिरवली. तू आमचे फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. बातम्या लिहून लिहून पत्राची सवय मोडली आहे, चुकलंमाकलं सांभाळून घे. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

मुख्य बातमी आधी सांगावी, असा आमच्या धंद्याचा नियम. तर बातमी अशी की दादा प्यायलेला नव्हता. कधीच नव्हता.

आता सुरुवातीपासून सांगते. दुर्मीळ आजारांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना एक संस्था फेलोशिप देते. आधी पुण्याला प्रशिक्षण, मग गावोगाव फिरून लिहायला खर्च. मी अर्ज केला तेव्हा आमचे संपादक हसले. म्हणाले, रत्नागिरीत आंबा आहे, मासळी आहे, रस्त्यावरचे खड्डे आहेत, दुर्मीळ आजार कुठून आणणार? मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या खर्चाने फिरायला मिळेल हा मोह जास्त होता.

मे महिन्यात गेले. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, वाचणाऱ्याला दया येईल असं लिहू नका, त्या माणसाला निदानापर्यंत पोचायला इतका उशीर का झाला ते लिहा. मी वहीत उतरवून घेतलं आणि जेवणात काय असेल याचा विचार करत बसले. दुपारी एका डॉक्टरबाईंनी एका रुग्णाची चित्रफीत दाखवली. तो माणूस चालत होता. पाय फाकवून, एका बाजूला झोकांडी खात, बोलताना शब्द तोंडात घोळवत. वहिनी, तो आपला दादा होता गं. म्हणजे दुसराच कुणी होता, पण चाल आपल्या दादाची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं माझं.

विल्सन आजार म्हणतात त्याला. अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. म्हणून हात थरथरतात, जीभ जड होते, चाल बिघडते. आणि यकृत खराब दिसलं की सगळे दारूच समजतात. आपल्याकडेही तेच झालं. बोटीवर कुणाला कळलं नाही, कारण बोटीवर सगळेच डुलत चालतात. धक्क्यावर उतरला की दादा एकटा डुलायचा. अनिलशेठनी, प्यालेला माणूस स्वतःच्या बोटीवर नको म्हणून, त्याला उतरवलं, तेव्हा आपण कुणी काही बोललो नाही. तू मात्र एकदा मला म्हणाली होतीस, "तोंडाला वास येत नाय गो त्यांच्या." मला आठवतंय ते. तुझं नाक आम्हा सगळ्यांच्या अकलेपेक्षा शहाणं होतं.

जूनमध्ये पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढल्यावर मी त्याला आणि आईला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. रक्त, लघवी तपासली, डोळ्यांत यंत्रातून पाहिलं, तिथे तांब्याचं कडं दिसलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, याला खायला काय देता? आईने अभिमानाने सांगितलं, ओहोटीला खडकावरून स्वतः काढलेली कालवं, आणि रोज सकाळी तांब्याच्या कळशीतलं रात्रभर ठेवलेलं पाणी, लिव्हरला चांगलं म्हणून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नेमक्या त्याच दोन गोष्टी त्याला वर्ज्य. आई तिथेच रडायला लागली, "मीच पाजला गो पोराला." डॉक्टर भले माणूस. त्यांनी समजावलं की आजार जन्माचा आहे, आईबाप दोघांकडून आलेला, कळशीने दिलेला नाही. आता त्या कळशीत आईने अबोली लावली आहे आणि कालवं खायला मी एकटी उरले आहे.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, पण गुण येतोय. दादाचं बोलणं पुष्कळ सुटलं. परवा त्याने फाटलं जाळं शिवलं, वेळ लागला, पण शिवलं. मला इतकं हलकं वाटतंय की सांगता येत नाही. आजार आहे याचा आनंद होणारं आपलंच एक घर असेल.

आजार भावंडांत असू शकतो, म्हणून माझीही तपासणी झाली. निकाल यायचा होता तोवर मी आईला हसून दाखवत होते आणि मोरीत जाऊन आरशासमोर हात लांब करून बघत होते. मला काही नाही. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगितलं.

आता ज्यासाठी पत्र लिहिते आहे ते. चिमाचीही एकदा तपासणी करायला हवी. धोका फार कमी आहे, घाबरू नकोस. पण करायला हवी, आणि तुझ्याशिवाय ती होणार नाही. तू दापोलीत तिचं रक्त देऊ म्हणालीस तर तसं, मुंबईला चल म्हणालीस तर मी येते. फेलोशिपचे पैसे बातमीचे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. हे घरचं काम आहे, घर करेल.

दुसरं, संपादकांना दादावरचा लेख हवा आहे. आधी हसले होते, आता फोटोसकट मागतात. प्रशिक्षणात शिकवलं होतं, नाव लपवा, चेहरा लपवा, आणि माणूस घरचा असेल तर तसं वाचकाला सांगा. मी दादाला म्हटलं, नाव बदलते. तर तो चिडला. "नाव छाप माझा. बंदरावर सगल्यांनी वाचूदे." पण ते नाव तुझंही आहे आणि चिमाचंही. उद्या तिच्या शाळेत, पुढे तिच्या लग्नात कुणी हे पान काढेल. म्हणून तू हो म्हटल्याशिवाय एक ओळ छापणार नाही.

गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेचं मी लिहिणार नव्हते. पण त्याच्यावाचून हे पत्र खोटं होईल. त्या दिवशी सजवलेली बोट दाखवायला दादाने चिमाला उचललं आणि पायरीवर ती त्याच्या हातातून सुटली. तिच्या हनुवटीचं रक्त तुझ्या पदरावर होतं. तू गेलीस ते बरोबर केलंस, तुझ्या जागी मीही गेले असते. ये असं म्हणायला मी लिहीत नाही. फक्त हे ठाऊक असू दे, की ते हात दारूने सुटले नव्हते.

दादा रोज संध्याकाळी एक नारळ दोन्ही हातांत धरून पडवीपासून विहिरीपर्यंत जातो आणि परत येतो. आम्ही कुणी विचारत नाही, पण का ते सगळ्यांना माहीत आहे. काल मी सांगितलं, वहिनीला पत्र लिहिते आहे, काही कळवायचं आहे का? त्याने हातातला नारळ माझ्याकडे दिला.

"अजून पडतो कधीकधी," म्हणाला. "तिला सांग, उचलनार नाय मी चिमाला. मी बसलेलो असेन. ती आपनहून मांडीवर आली तर..."

पुढचं त्याने सांगितलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, पण धाड.

अजूनही तुझी नणंदच,
दर्शना