खुटबावची दहावी पाटी

बेरशेबा,
दिनांक २० ऑक्टोबर १९९८

प्रिय गेणबा,

तुझे पत्र मिळाले. अक्षर हर्षदाचे आहे हे पाकिटावरूनच ओळखले. हे पत्रही तीच तुला वाचून दाखवील, म्हणून आधी दोन शब्द तिला सांगतो. हर्षदा बाळ, आबांना सावकाश वाचून दाखव. आबांच्या मनाला लागेल असे वाटून मधला मजकूर गाळू नकोस. तुझे वडील घरात असतील तर त्यांनाही बसवून घे. या पत्राचा अर्धा भाग त्यांच्यासाठी आहे.

गेणबा, तुझ्या पत्रातील हकिगत वाचली. तुझे आणि रविराजचे, बापलेकांचे, बोलणे बंद आहे, गिताबाईंना दोन वेळा ताटे वाढावी लागतात, आणि पेरूची तोडणी लागण्यापूर्वी बाग वाटून द्या असे तो म्हणतो, हे सर्व माझ्या दहाव्या पाटीमुळे घडावे, याचे मला फार वाईट वाटले. पुण्याच्या व्यापाऱ्याला त्याने सगळ्या बागेचा माल कबूल केला आहे आणि तू भरलेल्या पेरूंची प्रत्येक दहावी पाटी बाजूला काढून बांधावर कालव्याकडच्या अनसाबाईसाठी ठेवतोस, यावरून हा कलह आहे. त्याचे वाक्य तू जसेच्या तसे कळवले आहेस. "त्यो म्हातारा गेला इस्रायलला, त्याचा देव बी गेला त्याच्यासंगं. आता कुणाची पाटी आन् कुणाचं काय?" वाक्य उद्धट आहे. परंतु ते ध्यानात ठेव, मला त्याकडे पुन्हा यायचे आहे. तू त्याला उत्तर दिलेस की भंडारा उचललाय, जीव गेला तरी मोडणार न्हाई. आणि मला लिहिलेस की तिकडच्या एखाद्या जाणत्या गुरूकडून दोन ओळी लिहून पाठव, म्हणजे पोरगे गप्प बसेल. मी त्या ओळी आणावयास गेलो होतो. काय घडले ते क्रमाने लिहितो.

रविराज पाबळच्या शाळेत यंत्रकाम शिकला, पण आपल्या दोन घरांची गोष्ट त्याला कोणी नीट सांगितली नसावी. म्हणून तुला ठाऊक असलेलेही लिहितो. माझे वडील हसाजी हे कुलाब्याकडचे तेली. दौंडला रेल्वेची वस्ती वाढली तेव्हा ते तिकडे आले आणि पुढे खुटबावला जमीन घेऊन राहिले. शनिवारी आमचा घाणा बंद असे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणे. गावात यहुदी घर आमचे एकच. गुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही, विचारावे असे कोणी नाही. होता तो मराठीत छापलेला धर्मग्रंथ. त्यात वडिलांनी वाचले की भूमीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा लेवींचा, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचा आहे. प्राचीन काळी इस्रायलच्या भूमीची वाटणी झाली त्या वेळी लेवींच्या वंशाला जमीन दिली गेली नाही, म्हणून सर्वांच्या शेतात त्यांचा वाटा. आता खुटबावात लेवी कोठून आणावा? त्या सुमारास तुझी आई वच्छलाबाई आणि वडील आमच्या रानात खतासाठी मेंढरे बसवावयास आले होते. तुमच्या नावावर पृथ्वीवर कोठेही वीतभर जमीन नव्हती. वडिलांनी ग्रंथ मिटला आणि म्हणाले, आपले लेवी हेच.

पहिल्या वेळी तुझ्या आईने नकार दिला होता. मी तेथे उभा होतो. त्या म्हणाल्या, "आमी भीक घ्येत न्हाई. मेंढरं बसवली त्याची ज्वारी ठरलीय, तेवढी द्या." वडिलांनी ग्रंथ बाहेर आणला आणि तो भाग त्यांना वाचून दाखवला. हे माझे नाही, तुमचे आहे, तुमचे माझ्या घरात राहिले तर मी चोर ठरतो, असे बजावले. तुझ्या आईने कमरेवर हात ठेवून सर्व ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आमचंच हाय तर तुमी उचलून का देताय? ठिवा तकडं बांधावर. आमचं आमी न्येऊ." तेव्हापासून पाटी बांधावर ठेवण्याची आणि ती ओळखू यावी म्हणून वर कडुलिंबाची डहाळी ठेवण्याची रीत पडली. देणाऱ्याने तेथे थांबायचे नाही, घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. एका वर्षी वडील तापाने अंथरुणाला खिळले आणि आमच्या गडबडीत पाटी ठेवायची राहिली. तुझी आई मेंढरे घेऊन त्या बांधावरून गेली. रिकामी जागा पाहिली आणि तशीच पुढे गेली. विचारावयास आली नाही. वडिलांना हे कळले तेव्हा ते ताप अंगात असताना उठून पाटी ठेवावयास बांधापर्यंत गेले होते.

दुसरा नियमही तुला आठवत असेल. नव्या झाडाची पहिली तीन वर्षे फळ खायचे नाही. वडील ती फळे खड्ड्यात पुरत, आणि मारुतराव पाटील चावडीवर सांगत की शनिवार तेल्याने पेरूचं मढं झाकलं. तू तसला एक पेरू चोरून खाल्लास, आणि मी तुला सांगितले की आता तुझे दात गळणार. त्यानंतर कित्येक दिवस तू सकाळी उठून दात हलवून पाहत होतास. तुला सांगावयास हरकत नाही, इथल्या गुरूंना मी हाही नियम विचारला. तो तिकडेही लागू होता. मात्र तू आमच्यातला नसल्याने त्या पेरूचे पाप तुला लागलेले नाही.

मी इकडे निघालो तेव्हा बाग तुला दिली. घेणारे दुसरेही होते, वरवंडचे होते, अधिक देत होते. ज्यांचा त्या मातीत वाटा होता त्यांच्याच हाती माती जावी, असे मला वाटले. तुझ्याकडून एकच गोष्ट मागितली, की दहावी पाटी बंद पडू द्यायची नाही, आता तू जमीनवाला झालास तर जमीन नसलेला तू शोधायचा. तू देव्हाऱ्यातील बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिलास. कालव्याकडेला झोपडी घालून राहणारी अनसाबाई तू निवडलीस, हे मला योग्य वाटले. तिच्या नावावर झोपडीखालची जागासुद्धा नाही.

आता इकडचे सांगतो. माझा मुलगा शिमोन याची येथे डाळिंबाची बाग आहे. इकडे येताना माझ्या मनात एक अभिमान होता, तो तुझ्यापाशी लपवत नाही. मला वाटे की परमुलखात, कोणी पाहत नसताना, आम्ही नियम पाळला, आणि आता ज्या भूमीचा तो नियम आहे तेथे तो किती थाटाने पाळला जात असेल ते पाहावयास मिळेल. पहिल्या तोडणीला मी धुतलेले कपडे घालून शेडमध्ये जाऊन बसलो. धर्मनियम पाळले जातात की नाही हे पाहणारे तपासनीस आले. त्यांनी शंभरात एकाहून किंचित अधिक इतकी डाळिंबे वेगळी काढली, पुटपुटत काही म्हटले, डाळिंबे एका पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधली आणि कचऱ्याच्या पिंपात ठेवली. चांगली, भरलेली डाळिंबे. मी शिमोनला विचारले, हे काय? तो म्हणाला की तो याजकाचा पवित्र भाग आहे, आमचे प्राचीन मंदिर पडल्यापासून तो खाण्याइतके शुद्ध कोणी उरले नाही, म्हणून तो आदराने टाकून द्यावा लागतो. मी विचारले, आणि लेवीचा दहावा? तो म्हणाला, "बाबा, तो त्या पुटपुटलेल्या शब्दांनीच निघाला. खरा लेवी कोण हे आता कोणी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून फळ मालकाकडेच राहते." डाळिंबे तोडणारे थायलंडचे मजूर शेजारीच उभे होते. त्यांच्यातील एक जण पिंपाकडे पाहत होता. मी तेथून उठलो. नियम तो नियम, असे मनाला समजावले. शहाण्या लोकांनी विचार करूनच ठरवले असेल.

त्यानंतर तुझे पत्र आले, आणि मी शिमोनला दुभाष्या म्हणून घेऊन गुरूंकडे गेलो. खरे सांगायचे तर मी छाती पुढे काढून गेलो होतो. खुटबावच्या बांधाची हकिगत मी प्रारंभापासून सांगितली. शिमोन एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होता. गुरू वृद्ध आहेत, सभ्य आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि हळूच विचारले, तुमच्या वडिलांना हे कोणी सांगितले? मी म्हणालो, ग्रंथाने. तेव्हा ते म्हणाले की पिकाच्या दहाव्या भागाचा नियम या देशाच्या मातीला आहे. हिंदुस्थानच्या मातीला तो नाही आणि कधी नव्हता. तेथे तुम्ही पाटी काढली काय, न काढली काय, नियमाच्या दृष्टीने सारखेच. काढताना म्हटलेली प्रार्थनाही त्या जागी म्हणावयाची नव्हती.

गेणबा, तो देव बी गेला त्याच्यासंगं, असे रविराज रागाने बोलला, तेच गुरूंनी मला खुर्ची देऊन, पाणी देऊन सांगितले. मी घरी उन्हाने आलो की सावलीने, ते मला आठवत नाही. शिमोनने दार उघडून धरले होते आणि मी अंगणातच उभा होतो. तो समजूत घालत होता की चांगलेच केलेत, दानाचे पुण्य आहेच. दान हा शब्द ऐकून मी त्याच्यावर ओरडलो. या वयात मुलावर आवाज चढवण्याची ही पहिली वेळ. माझ्या वडिलांची चूक झाली, एवढ्याने मी हादरलो नसतो. त्यांना सांगणारे कोणी नव्हते, समोर जे छापलेले होते ते त्यांनी पाळले. मी हादरलो तो तुझ्या आईच्या आठवणीने. कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिने जे भीक म्हणून नाकारले, ते ग्रंथात तिचा वाटा लिहिला आहे या एका शब्दावर घेतले. आणि ग्रंथात तिचा वाटा नव्हता. मग तिने इतकी वर्षे बांधावरून जे उचलले, ते काय होते? गुरूंना मी हे विचारू शकलो नाही. शिमोनला त्याचे भाषांतर करता आले नसते.

हे तुला न कळवण्याचा विचार माझ्या मनात आला होता. दोन ओळी मीच लिहिल्या असत्या, की नियम पक्का आहे, पाटी चालू ठेव, तर तू विश्वास ठेवला असतास आणि रविराज गप्प बसला असता. कागद पुढे घेऊन बसलोही. ज्या माणसाने तापात उठून बांध गाठला, त्याच्या मुलाच्या हातून ते लिहून होईना.

काल शिमोनच्या घरी खाण्यासाठी ठेवलेल्या डाळिंबांतून मी एक टोपली भरली आणि मजुरांच्या खोल्यांकडील कुंपणापाशी ठेवली. कडुलिंबाचे झाड येथे नाही, म्हणून डाळिंबाचीच डहाळी वर ठेवली. प्रार्थना म्हटली नाही. मागे वळून पाहिले नाही. सकाळी टोपली रिकामी, कुंपणाला उलटी अडकवलेली होती. हे कोणत्या नियमात बसते, ते विचारावयास मी गुरूंकडे गेलो नाही.

म्हणून आता, रविराजसमक्ष, ज्यासाठी हे पत्र लिहिले ते लिहितो. गेणबा, भंडारा तू बिरोबापुढे उचललास, पण शब्द मला दिला होतास. शब्द घेणारा मी, म्हणून तो परत करणाराही मीच. मी रूबेन हसाजी, तुला त्या शब्दातून मोकळा करीत आहे. तो मी अशा नियमाच्या आधारावर मागितला होता, जो त्या मातीत नव्हता. आजपासून दहावी पाटी तुमची आहे. ती पुण्याला गेली तरी तू खोटा ठरत नाहीस, आणि रविराजने यावरून घर वाटण्याचे कारण उरत नाही. त्याने आता तुझ्याशी बोलावे. पेरूची तोडणी लागली की काय करायचे ते तुम्ही बापलेकांनी एका ताटावर बसून ठरवा. मी काहीही मागत नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या की त्या दिवशी बांध रिकामा दिसला, तरी अनसाबाई विचारावयास येणार नाही. तुझी आईही आली नव्हती.

तुझाच, बांधापलीकडचा,
रूबेन