डाव्या पायाचं बटण

देवळाली प्रवरा
१४ जून १९७१

ती. स्व. राधाकृष्णदादास,
रंगूचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेल्या शेवया पोचल्या. सासूबाईंना फार आवडल्या, पण त्या तसं सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

शिमग्यात यांना झटका आला तेव्हा तू पाहून गेलास, त्याहून फारसा फरक नाही. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. बोलायला जातात तर तोंडातून नुसतं बा, बा निघतं. हो-नाही सांगावं तर मान आपली आपणच डुलत राहते, तिचा काय अर्थ घ्यावा कळत नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली, पाटीवर नुसत्या रेघोट्या उमटल्या. यांनी ती पाटी फेकून दिली.

आता लिहायचं कारण. यांना दिवसभर अंगणातल्या गाडीत बसायचं असतं. सकाळपासून डोळे तिकडेच. गडी उचलून स्टिअरिंगपुढे बसवतात, आणि तिथे बसले की चेहरा पहिल्यासारखा होतो. मग डावा हात समोरच्या बटणांकडे नेतात आणि माझ्याकडे बघतात. मला त्यातलं ओ की ठो ठाऊक नाही. काल दिवे लावावेत म्हणून मी एक बटण ओढलं तर काहीच झालं नाही. दुसरं फिरवलं तर कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागले. यांनी डोळेच मिटून घेतले.

कानिफभावजींना विचारलं. ते हसून म्हणाले, की दादाला आता गाडी काय नि खुळखुळा काय, दोनी सारखंच हाय. सख्खा धाकटा भाऊ असं बोलतो आणि सासूबाई ऐकून घेतात.

गाडी घ्यायला तूच यांच्याबरोबर पुण्याला गेला होतास, आणि दुकानही तुझं मोटारीच्या सामानाचं. कोणतं बटण कशाचं ते मला समजेल असं लिही. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
रंगू

श्रीरामपूर
१९ जून १९७१

चि. सौ. रंगूस,
अ. उ. आ.

पत्र दुकानात वाचलं आणि वायपरचं वाचून एकटाच हसलो. लहानपणी विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की तू आईच्या पदराखाली शिरायचीस. आता तूच ड्रायव्हर होणार म्हणायची! दाजींचं वाचून मात्र पुढचा चहा तसाच राहिला.

तर नीट ऐक. किल्ली एक खटका फिरव, त्यापुढे नको. मधोमध जे गोल बटण आहे ते दिव्यांचं. थोडं ओढलं की बारके दिवे, आणखी ओढलं की मोठे. त्याच्यासारखंच दिसणारं शेजारचं बटण चोकचं, ते गार इंजिन सुरू करताना लागतं. तू पहिल्यांदा ओढलंस ते तेच असणार. मोठे दिवे लागल्यावर प्रकाश लांब टाकायचा की जवळ, हे मात्र हाताने करायचं नसतं. क्लचच्या डावीकडे, खाली जमिनीवर एक लोखंडी बटण आहे, त्याला डिपर म्हणतात. पायाने दाबलं की प्रकाश खाली येतो, पुन्हा दाबलं की वर जातो. ते डाव्या पायाचं काम आहे, म्हणजे दाजींना जमेल.

रेडिओचं डावं बटण खट् वाजेपर्यंत फिरव. तेच पुढे फिरवलं की आवाज वाढतो. उजव्याने स्टेशन लागतं, ते दाजींवर सोड. पुण्याहून येताना सबंध रस्ता ते मला स्टेशनं बदलायला लावत होते आणि बातम्या लागल्या की गप्प बसवत होते. गाडीतल्या घड्याळाखाली मुगाएवढं बटण आहे. ते आत दाबून फिरवलं की काटे सरकतात.

एक लक्षात ठेव. इंजिन बंद ठेवून दिवे नि रेडिओ लावले की बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की यातलं एकही काम होत नाही. म्हणून रोज थोडा वेळ इंजिन चालू कर. गिअर मोकळा आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे आधी बघ, मग किल्ली पुढे फिरव. भिऊ नकोस. आईचा पदर नसला तरी मी आहे.

दाजींना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा
दादा

देवळाली प्रवरा
२ ऑगस्ट १९७१

ती. स्व. दादास,
रंगूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हे बोलतात! तोंडाने नाही, पण बोलतात.

दिवेलागणीला मी मोठे दिवे लावून दिले होते. उजेड समोर गोठ्याच्या भिंतीवर पडला होता. माझी आपली सवय, चहा आणू का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळले, तर भिंतीवरचा उजेड खाली आला. मला वाटलं दिव्याचं काही बिघडलं. यांच्याकडे पाहिलं, तर हे माझ्याकडे टक लावून बघत होते आणि डावा पाय त्या लोखंडी बटणावर होता. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. मग आमचं ठरलं, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही.

विहिरीजवळच्या तुकड्यात ऊस लावायचा का विचारलं. नाही. कांदा? नाही. यंदा तसाच पडू द्यायचा? हो. त्या जमिनीला विसावा हवा हे झटक्याआधी हेच म्हणत होते, मी विसरले होते. माझ्यावर राग आहे का म्हणून विचारलं, तर दोनदा एवढ्या जोरात दाबलं की मला हसू आणि रडू बरोबरच आलं. आणखी एक विचारलं, ते तुला लिहीत नाही. त्याचं उत्तर द्यायला यांनी फार वेळ घेतला, पण दिलं.

घड्याळाचंही ऐक. ते मागे पडलेलं. यांनी रेडिओवर पुणं लावलं, संध्याकाळच्या बातम्यांआधी टिंटिं वाजतं त्याची वाट बघत डाव्या हाताचं बोट त्या मुगाएवढ्या बटणावर ठेवून बसले, आणि शेवटच्या ठोक्याला काटा बरोबर आणून सोडला. सांग, अक्कल गेलेला माणूस असं करतो का?

हौसेने कानिफभावजींना बोलावून दाखवलं. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, की पोरं बी बटन दाबत्यात, त्यात काय इशेष न्हाई. पण भिंतीकडे बराच वेळ बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन आले.

तू एकदा येऊन बघून जा. तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस की मला धीर येईल. वहिनींची आठवण काढते असं सांग, आणि तुमच्या मनात आम्हाला जागा राहू दे.

तुझी
रंगू

श्रीरामपूर
१७ ऑगस्ट १९७१

चि. सौ. रंगूस,
अ. उ. आ.

रविवारी तुझ्याकडून आल्यापासून तुझ्या वहिनीला तेच तेच सांगतो आहे. गाडी पुण्याहून आणताना पंक्चर झाली ती शिरूरला का, असं मी दाजींना विचारलं आणि त्यांनी दोनदा दाबलं, तेव्हा माझं मन खट्टू झालं होतं. मला शिरूरच आठवत होतं. मग सहज सुपं म्हणालो, तर एकदा दाबलं. घरी येऊन आठवत बसलो तेव्हा सुप्याचा तो टायरवाला डोळ्यांपुढे आला. माझंच चुकलं होतं. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे! कोर्टात, पंचांत, कुठेही सांगायची वेळ आली तर मी उभा राहीन. हा माझा शब्द.

कानिफनाथांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. बोलायला वाईट नाहीत. दुकान कसं चाललंय, माल कुठून येतो, सगळी चौकशी केली. साखर कारखान्यात डायरेक्टर झाल्यापासून वजनही वाढलंय. तूही जरा गोडीने घे.

दाजींना सुप्याबद्दल माझी हार कळव. तब्येतीला जप.

तुझा
दादा

देवळाली प्रवरा
१० सप्टेंबर १९७१

ती. स्व. दादास,
रंगूचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. कानिफभावजींनी कोर्टात अर्ज केला आहे, की थोरल्या भावाला वेड लागल्यागत झालं आहे, त्याला मूलबाळ नाही, तेव्हा त्याच्या वाटणीची शेती आणि सगळा कारभार माझ्या हाती द्यावा. कोर्टाचे डॉक्टर येत्या वीस तारखेला, सोमवारी, यांना तपासायला घरी येणार आहेत. मी यांना सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांना दिव्यांनी उत्तरं द्याल का विचारलं. एकदा दाबलं.

आणि काल भावजींनी गाडीची बॅटरी काढून नेली. म्हणाले, ट्रॅक्टरला पाहिजे, चार दिवसांत आणून देतो. मी गाडीपुढे आडवी झाले, तर सासूबाईंनी मला आत ओढलं. म्हणाल्या, की एक ल्योक गेल्यातच जमा हाय, दुसऱ्याशी वाकडं घिऊ नगंस. गाडीत बसलेले हे काचेतून सगळं बघत होते.

दादा, सोमवारी भरलेली बॅटरी घेऊन ये. आणि तू तिथे हवास. मी बायको, माझं म्हणणं कोण धरणार? तू पाहिलं आहेस. उलट टपाली कळव, तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुझी
रंगू

श्रीरामपूर
१४ सप्टेंबर १९७१

चि. सौ. रंगूस,
अ. उ. आ.

बॅटरी आजच चार्जिंगला लावली. सोमवारी पहिल्या एस.टी.ने निघतो. दाजींना सांग, निर्धास्त राहा. उरलेलं समक्ष.

तुझा
दादा

श्रीरामपूर
२ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. रंगूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे रागावली आहेस. रागावणारच. पण ऐकून घे. सोमवारी निघायच्या वेळी पोटात असं दुखायला लागलं की उभं राहवेना. नंतरची गाडी धरावी म्हटलं, तर दुकानात माणसं आली. कारखान्याची होती, त्यांना कसं परत पाठवणार? कारखान्याच्या सगळ्या ट्रकांचं सामान यंदापासून आपल्या दुकानातून घ्यायचं ठरलं आहे. हे आधीपासून चाललं होतं, त्याचा त्या दिवसाशी काही संबंध नाही. कोणी तसं तुझ्या मनात भरवलं तर ऐकू नकोस.

डॉक्टरांनी काय लिहिलं ते कानावर आलं. वाईट वाटलं. पण जरा शांतपणे विचार कर. कारभार कोणाच्या नावाने चालतो याने तुम्हा दोघांच्या ताटातलं काही कमी होणार नाही. कानिफनाथांनी मला तसं स्वतः सांगितलं आहे. दाजींना तरी आता या कटकटी कशाला? आणि खरं सांगू, त्या दिव्यांचं मी पाहिलं खरं, पण एका दिवसात माणसाने काय ठरवावं? सुप्याचं कदाचित अंदाजानेही जमलं असेल.

भाऊबीजेला ये. वहिनीने तुझ्यासाठी इरकली लुगडं घेऊन ठेवलं आहे. मनात अढी धरू नकोस.

तुझा
दादा

देवळाली प्रवरा
१२ ऑक्टोबर १९७१

रा. रा. राधाकृष्णराव यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. त्या सोमवारी इथे काय झालं ते आपण विचारलेलं नाही, तरी लिहिते.

यांनी त्या दिवशी धुतलेला सदरा आणि फेटा मागितला. बोटाने दाखवून मागितला. सकाळीच गाडीत जाऊन बसले. श्रीरामपूरची प्रत्येक एस.टी. येऊन गेली की मी फाटकाशी जात होते, आणि हे काचेतून माझ्या हाताकडे बघत होते. डॉक्टर आले. भले होते, माझ्या सांगण्यावरून थोडं थांबलेही. माझा भाऊ येतोय, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, की बाई, तुमचा भाऊ येईल तेव्हा येईल, मला अजून पुढे जायचं आहे.

त्यांनी यांना नाव विचारलं. बा, बा. मी म्हणाले, हो-नाहीचं विचारा, हे पायाने सांगतील. त्यांनी विचारलं, ही तुमची पत्नी का? यांनी बटण दाबलं. भिंतीवर काही नाही. पुन्हा दाबलं. दिव्यांचं बटण ओढलं, ढकललं, ओढलं. रेडिओ फिरवला. बॅटरी नाही हे यांना ठाऊक होतं, तरी पाय थांबत नव्हता. मग घाम आला, तोंडातून लाळ आली, आणि यांनी डाव्या मुठीने घड्याळावर बुक्की मारली. काच फुटून हात रक्ताने भरला. कानिफभावजी हळूच म्हणाले, की बघा डाक्टर, रोज आसंच चालतंय. सासूबाई यांचा हात पदराने पुसत होत्या. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, मला अडाणीला काय कळतंय. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि गेले.

भावजींच्या बाजूने निकाल लागला त्याच आठवड्यात गाडीला नवी बॅटरी बसली. तिच्यावर आपल्या दुकानाची चिठ्ठी आहे. भावजी त्याच गाडीतून कारखान्यावर जातात. विहिरीजवळच्या तुकड्यात उसाच्या सऱ्या पाडल्या आहेत. आम्हा दोघांना मळ्यातली खोली दिली आहे. आपण म्हणता तसं ताटातलं काही कमी नाही, ताट वेळेवर येतं. परवा भावजींनी मोठेपणाने विचारलं, की दादाला घटकाभर गाडीत बसवू का? यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी अपिलासाठी दुसरा वकील बघते आहे. आपली साक्ष मागणार नाही. भाऊबीजेला येणार नाही. लुगडं वहिनींनी नेसावं.

एवढ्यावरच थांबणार होते. पण काल आपलं पत्र वाचून मी उशीखाली सरकवलं, ते यांनी पाहिलं आणि डाव्या हाताने ओढून घेतलं. झटक्यानंतर यांनी कागद हातात धरलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, उलटा धरतील. सरळ धरला. डोळे ओळीवरून ओळीवर सरकत होते, आणि सुप्याच्या ओळीवर येऊन थांबले. तिथे बराच वेळ थांबले. मग यांनी कागद माझ्या हातात दिला आणि बाजेच्या कडेला डावा पाय आपटला. दोनदा.

डॉक्टरांना मला एवढंच दाखवायचं होतं. यांना सगळं कळतं.

कळावे.

रंगूबाई