ठकीचं अंथरूण

रविवार, ४ मे
पोचले एकदाची! वळणं संपता संपत नव्हती, आणि मग शेवटच्या वळणावर नदी आधी ऐकू आली, मागाहून दिसली. लेकीने महिन्याभरासाठी घेतलेलं घर फोटोत होतं त्याहून गोड आहे. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर झोपायच्या खोल्या, मागचं दार उघडून पायऱ्या उतरलं की थेट पाणी. डोंगरावरचं बर्फ वितळतंय, त्यामुळे पाण्याला दुधाची झाक आहे.

लेक, जावई आणि ठकी पुढच्या रविवारी येतील. मी आधी आले ती घर लावायला आणि बेत आखायला. जावई चिडवतात, सासूबाई म्हणजे आमची आघाडीची तुकडी. चिडवू देत. नातीची सुट्टी आहे, काहीही राहून जायला नको. पुलापलीकडे एक सपाट खडक पाहून ठेवलाय, पाण्यात पाय सोडून बसायला.

सोमवार, ५ मे
घराची देखभाल करणाऱ्या बाई आल्या. त्यांना इथे सगळे मावशी म्हणतात. गाद्या गुंडाळून भिंतीशी उभ्या, ताटं पालथी, खुर्च्या टेबलावर उलट्या. म्हटलं, अंथरुणं घालून ठेवू या. तर म्हणाल्या, "आल्यावर घालू की. पाहुणा काय उभ्याने झोपतो?"

गावाचीच रीत आहे म्हणे. समोरच्या लॉजवरही माणूस उंबऱ्याच्या आत आला की मगच चादर झटकतात. पाववाल्याची बहीण उद्या यायची आहे, तरी त्याच्याकडे तिच्या नावाची उशीसुद्धा बाहेर काढलेली नाही. मी मनात म्हटलं, आळसाला काय सुंदर नाव दिलंय!

मावशी गेल्यावर मी ठकीचं अंथरूण घातलंच. मला लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा सबंध वाटभर मी रडत होते. आत गेले तर म्हाताऱ्या सिस्टरने माझी कॉट आधीच लावून ठेवलेली. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, पायाशी टॉवेल, कॉटखाली मऊ सपाता. रडू तिथेच थांबलं. कुणीतरी आपली वाट पाहत होतं, एवढं पुरतं लहान जिवाला. आज मीही तसेच कोपरे दुमडले. खाली तिच्या नव्या लाल सपाता ठेवल्या. खालच्या टेबलावर तिचं छोटं ताट उताणं मांडलं. किती वेळ नुसती बघत बसले.

बुधवार, ७ मे
ठकीच्या उशीला खळगा पडलाय. सपाता ओल्या. मांजर येत असेल. नदीकाठचं घर, दमटपणा असायचाच. चादर बदलली, सपाता उन्हात ठेवल्या.

गुरुवार, ८ मे
दुपारी जेवून खुर्चीतच डोळा लागला. वर सपातांचा आवाज झाला, चट्‌ चट्‌. ठकी अशीच पाय घासत चालते. अर्धवट झोपेत मी विचारलं, "आलीस का गं?" वरून उत्तर आलं, "हो."

काय बरं वाटलं! मग पुरती जाग आली, आणि आज गुरुवार आहे हे आठवलं.

वर कुणी नव्हतं. चादरीवर ओला आकार, कुशीवर झोपलेल्या लहान मुलाचा. एक हात गालाखाली घेतलेला. ठकी तशीच झोपते.

शुक्रवार, ९ मे
मावशींना खोली दाखवली. त्या जिन्यातच बसल्या.

त्यांची मोठी बहीण शाळेतून सुट्टीला यायची होती. आईने हौसेने आदल्या दिवशीच अंथरूण घातलं. मुलगी एक दिवस आधीच घरी आली. आईने आनंदाने "आलीस!" म्हटलं. दुसऱ्या दिवशी बसमधून बहीण उतरलेली सगळ्यांनी पाहिली. बस थांबते तिथून घर हाकेवर, पण ती घरी पोचली नाही. नदीत बुडालेली सापडली. आणि घरात होती ती? ती राहिली, मावशी म्हणाल्या. लग्न झालं तिचं. नदीला वाट पाहणारी जागा कळते, आणि जागा एकच असते.

म्हणाल्या, अंथरूण काढा, ताट पालथं घाला, मागच्या दारात उभ्या राहून मोठ्याने सांगा, आमच्याकडे कुणी यायचं नाही. मनापासून सांगा. मग त्यांनी विचारलं, तिला "आलीस" म्हणाला नाहीत ना?

मी नाही म्हटलं. का खोटं बोलले — तोंडून खरं निघेचना.

घरात रेंज नाही, म्हणून पुलावर जाऊन लेकीला फोन केला. नका येऊ म्हटलं. कारण विचारलं तेव्हा घर दमट आहे, मला एकटीला बरं वाटतंय, असं काहीबाही सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला. "आई, आम्ही नको आहोत का तुला?"

हो म्हटलं. कसं म्हटलं माझं मला ठाऊक.

शनिवार, १० मे, सकाळ
ताट पालथं घातलं. दारात उभी राहून बोलले. नदीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मनापासून कसं म्हणू — कुणी यायचं नाही —

वर अंथरूण काढायला गेले. ती झोपली आहे. गालाखाली हात. तोंड किंचित उघडं. ठकीच. केस ओले, पाठ थंडगार. चादरीचा कोपरा हातात धरला आणि — ओढवेना. झोपलेल्या लेकराला कसं ओढायचं —

पांघरूण घातलं मी तिला. देवा, पांघरूण घातलं.

दुपार
पुलावर गेले. लेकीचा निरोप आलेला. माझं काहीतरी बिनसलंय म्हणून काळजीने पहाटेच निघाले. थांबत नाहीत. फोन लागत नाही. पुलावरच थांबायला हवं होतं, गाडी अडवायला. पण ती वर एकटी — धावत घरी आले. का आले —

ती उठली आहे. जिन्यात बसली आहे. केस वाळत आलेत. गालांवर रंग आलाय. बोलायचं नाही तिच्याशी. लिहीत राहायचं. मान वर करायची नाही.

ताट उताणं आहे. मी पालथं घातलं होतं.

हॉर्न वाजला. गाडी फाटकाशी. लेक हाक मारतेय. दार उघडून ठकीला आधी कुशीत घेते, मग —

खिडकीतून ठकी दिसली. फाटकातून धावत येतेय माझी पोर. हात पसरलेत. बाहेर लखलखीत ऊन आहे. मग तिचे केस असे निथळत का —

खांद्यावर हात. लहान. उबदार. कोरडा. विचारतेय, आजी, ती कोण गं —