मालक शेतात गेलेत

कुरुंदा
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. सुनिताबाई यांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

परवा सकाळी नेहमीसारखा आधी तुमच्या दादांचा फोन चार्जिंगला लावला. मग अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, चुलीवर पाणी ठेवलं आणि परातीत पीठ घेतलं. पोळ्याच्या आधी ते गेले, तेव्हापासून सकाळ अशीच सुरू होते. आधी फोन, मग झाडू. सुरज पुण्याहून रागावतो, की आई, बाबांचं सिम काहून चालू ठेवलंस? लेकराला काय सांगू?

पीठ मळत होते तेवढ्यात तो फोन वाजला. एक माणूस बरेच दिवस करतो. बँकेतून बोलतो म्हणतो, हिंदी मिसळून बोलतो, आणि विचारतो की ग्यानोबाजी आहेत का. खरं सांगते, पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं की मालक शेतात गेलेत. सांगून बरं वाटलं. गावात त्यांचं नाव घेऊन आता कोणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. याला ठाऊक नव्हतं. मग रोज सांगत गेले. कधी हळद काढायला पाठवलं, कधी शिजवायला. तो म्हणायचा, बरं, उद्या करतो.

परवा मात्र म्हणाला, की काकू, खातं बंद होऊन राहिलं, मालक नसले तर मेसेजमधला नंबर तुमीच वाचा. आणि हसत विचारलं, वाचता येतं न? सुनिताबाई, मी किराणाच्या पुड्यांचे कागद जुळवून अक्षरं शिकले. मला वाचून दाखव असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. मी तोऱ्यात वाचायला लागले. निम्मा नंबर वाचला आणि शेळीनं दावं तोडून परातीत तोंड घातलं. फोन टाकून धावले. परत येईपर्यंत फोन कट झाला होता.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. मागच्या हंगामाच्या हळदीचा सगळा पैसा त्यांच्याच खात्यात आहे. पुढची लागवड त्याच्यावरच. ते गेल्याचं मी बँकेत सांगितलेलं नाही, त्यांच्या कार्डावर लागेल तसे काढते. आता घरात बसवत नाही, दारात उभं राहवत नाही. फोन वाजला की दचकते, नाही वाजला तर उचलून बघते.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपली पत्रं चालतात, ते बरंच झालं. हे तोंडानं सांगता आलं नसतं. भाऊजींना जय भीम. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची वहिनी,
पद्मा


कनेरगाव नाका
१८ फेब्रुवारी

आदरणीय वहिनींना,
सविनय जय भीम, वि. वि.

पत्र आलं तेव्हा मी धाब्यावर कांदे चिरून राहिले होते. हे म्हणाले, की कांद्यानं रडून राहिलीस का पत्रानं? मी पत्र त्यांच्यापुढं ठेवलं.

आधी त्या शेळीला माझ्याकडून भाकर घाला. घरात एक तरी शहाणं आहे. आणि वहिनी, ज्या दादाला शेतात धाडायला आमच्या आईला काठी उचलावी लागायची, त्याला तुम्ही रोज हळद शिजवायला पाठवता? ऐकलं असतं तर घाबरून पळाला असता.

हसले खरी, पण भीती वाटते. इथल्या तांड्यावरचे हरिचंदकाका असेच फसले. कापसाचा पैसा गेला. पैशापेक्षा त्यांना हेच लागलं, की चोराशी आपण भाऊ म्हणून बोललो. आता धाब्यावर येतात, चहा घेतात आणि रस्त्याकडं तोंड करून बसतात. तुम्हाला तसं बसलेलं मला बघायचं नाही.

हे सांगतात, तुमच्याच विहारात दर शनिवारी एक वर्ग भरतो. फुकट आहे. बँक, वारस, मृत्युपत्र, फोनवरचे चोर, सगळं शिकवतात. वसमतची शीतल म्हणून पोरगी येते. तुम्ही जा, आणि मागं भिंतीला टेकून बसू नका. जाऊन आल्याचं लगेच लिहा, तोवर मलाही अन्न गोड लागणार नाही.

तुमची,
सुनिता


कुरुंदा
२४ फेब्रुवारी

सौ. सुनिताबाई यांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

गेले होते. पुढं बसले होते. पुन्हा जाणार नाही.

शीतलनं एक खेळ मांडला. एकीनं चोर व्हायचं, दुसरीनं फोन उचलायचा. शेजारच्या जनकाबाईला चोर व्हायची भारी हौस. मिसरीची डबी कानाला लावून तिनं असं काही हिंदी झाडलं, की बाया पदरात तोंड घालून हसल्या. फोन उचलायला मला बसवलं. जनकाबाईनं विचारलं, मालक हाईत का घरी? आणि मी सांगितलं, न्हाईत, हळद शिजवायला गेलेत.

जनकाबाईनं डबी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, पद्मा, काहून असं गं? मी उठून चपला घातल्या.

शीतल मागून आली, दारापर्यंत बरोबर चालली. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, की काकू, बँकेला ते जिवंत वाटतात तोवर चोरालाही त्यांच्या नावानं शिरता येतं. त्याला माणूस नको, नंबर पाहिजे. आणि गेलेल्या माणसाच्या कार्डावर पैसे काढणं बराबर नाही. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, तुमचा आणि सुरजचा हक्क लावा. मग तलाठ्याकडं शेताला वारस लावा. पुढं तुमचं स्वतःचं मृत्युपत्र करा, लेकराला अशी तकलीफ नको.

सगळं पटलं, आणि तरी राग आला. ग्रामपंचायतीत सांगितलं. रेशनवाल्याला सांगितलं. आता बँकेत सांगायचं, तलाठ्याला सांगायचं. माझा माणूस मेला हे मी किती वेळा म्हणू?

फोन रोज येतो. उचलत नाही, पण बंदही करत नाही. घरभर नुसती फिरते.

तुमची वहिनी,
पद्मा


कनेरगाव नाका
१ मार्च

आदरणीय वहिनींना,
सविनय जय भीम, वि. वि.

दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. आता थोडक्यात लिहिते.

पोळ्यापासून माझा भाऊ तुम्ही शेतात उभा केलाय. उन्हात, हळदीच्या वाफेत. थकला असेल. त्याला घरी येऊ द्या, वहिनी.

लोभ तुमचा, हट्ट माझा.

सुनिता


कुरुंदा
९ मार्च

सौ. सुनिताबाई यांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र हातात असतानाच फोन वाजला. उचलला. त्यानं विचारलं, ग्यानोबाजी आहेत का? मी सांगितलं, ते वारले.

वाटलं होतं, तो ओशाळेल. अरेरे तरी म्हणेल. त्यानं दमसुद्धा घेतला नाही. म्हणाला, मग तर विम्याचे पैसे भेटतील काकू, मेसेजमधला नंबर तेवढा वाचा. इतके दिवस मी ज्याला त्यांची विचारपूस समजत होते, ती एवढीच होती. मी म्हणाले, बँकेत जाऊन विचारते. त्यानं एक घाण शिवी दिली आणि फोन ठेवला. शीतलनं १९३० हा नंबर सांगितला होता, तिथं तक्रार लिहवली.

मग गुरुवारी दाखला घेऊन बँकेत गेले. जनकाबाई न बोलावता बरोबर आली. खिडकीतल्या पोरीला वाटलं, पासबुक भरायचंय. मी कार्ड तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, ग्यानोबा माझे मालक. ते गेले. खातं थांबवा. आवाज जरा मोठाच झाला असेल. आजवर कार्डावर काढले तेही सांगून टाकलं. साहेबांनी दोन शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. हळदीचा पैसा जागेवर आहे. सुरज सुट्टी काढून सह्यांना येतो. मग तलाठ्याकडं जायचंय. वर्गालाही जाणार आहे. जनकाबाई म्हणते, आता चोर तू हो, मला उचलायचाय.

जीव थाऱ्यावर आला असं लिहिणार नाही. अजून घरात फिरतेच. सिम सुरजनं सांगितलं तसं बंद करायला दिलं. फोन त्यांच्या टोपीजवळ ठेवलाय.

हळद निघाली की यंदाची पहिली पिशवी तुमची. घ्यायला स्वतः या, पोस्टानं माया पुरत नाही.

तुमची वहिनी,
पद्मा

ता. क. बँकेतून आल्यावर पुढं काय, असं विचाराल म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि आधी अंगण झाडलं.