बारावा वायसर

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं पहिल्या ओळीलाच तुझ्या मनात येईल. येऊ दे. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर रेंज नाही म्हणून ठेवून देतोस, आणि संदेश पाठवला की त्यावर एक अंगठा चिकटवून मोकळा होतोस. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, बाबांना बरं नाही, फोन कर. त्यालाही अंगठाच! मग चौकशी करत करत तुमच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथे कळलं की तुमच्या जहाजावर चढायला एक इलेक्ट्रिशियन उद्या निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देतेय. बाकावर बसून, पर्स मांडीवर ठेवून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि मध्येच डोकं फिरलं तरी चुरगळून फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच. तेवढं तर तू माझं देणं लागतोसच.

दुकान बरं चाललंय. ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर दिवसभर कोटांना चिठ्ठ्या लावते आणि लोकांच्या खिशातून काय काय निघतं ते बघून मनातल्या मनात हसते. सध्या फक्त सकाळची पाळी घेतली आहे, मालकीणबाईंनी कुरकुर न करता दिली. गल्लीच्या तोंडाचा तो बंद गाळा अजून बंदच आहे. तू फ्रिजदुरुस्तीचं दुकान तिथेच टाकणार होतास ना? येता-जाता शटरकडे लक्ष जातंच माझं. शटरवर कुणीतरी एक दाढीवाली मांजर रंगवून ठेवली आहे.

मागच्या सुट्टीतला तुझा तो आठवडा मला सारखा आठवतो. सहा वर्षं समुद्रावर लोकांचं मांस-मासळी गार ठेवून तू जे साठवलंस ते त्या क्रिप्टो कॉइनमध्ये घातलंस, हे तू मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलंस. मी कपाळाला हात लावला. आधी ते सगळं कुठल्याशा ॲपमध्ये होतं. तुझ्या मित्राचं ॲप एका सकाळी उघडेनासं झालं, तशी तुझी पाचावर धारण बसली आणि तू ते पेन ड्राइव्हएवढं यंत्र घेऊन आलास. इंटरनेटला न जोडता ठेवायचं, म्हणजे कुणी लांबून हात घालू शकत नाही. तू मला स्वयंपाकघरात बसवून शिकवणीच घेतलीस. पैसे यंत्रात नसतात, ताई. यंत्र हरवलं, मोडलं तरी चालेल. ते जे बारा शब्द दाखवतं तेच खरी किल्ली. त्यांचा फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत. मी विचारलं, एवढी मोठी तिजोरी आणि किल्ली काय, तर चमचा, लिंबू, काका, तिकीट? असलेच इंग्रजी शब्द होते ते, पोराच्या पहिल्या पुस्तकातले. दोघंही केवढे हसलो होतो.

कागद जळतो, भिजतो, म्हणून तू शब्द स्टीलवर ठोकायचे ठरवलेस. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतंस. बाबांचेच अक्षरं उमटवायचे पंच घेतलेस, त्यांचीच हातोडी, आणि ते बाजारात गेल्याचं बघून मागच्या पायरीवर बसून एकेका वायसरच्या चकतीवर एकेक शब्द उठवलास. मग बाराही वायसर ओळीनं एका बोल्टमध्ये ओवले आणि नट आवळला. वायसरवर आकडे टाकायचे मात्र तुला सुचलं नाही. क्रम बोल्टवर आहेच की, म्हणालास. मलाही सुचलं नाही, मी काय तुला बोल लावू? आणि तो बोल्ट ठेवायचा कुठे, तर बाबांच्या जुन्या नटबोल्टच्या डब्यात! चोर कपाट फोडेल, गादी फाडेल, पण गंजक्या बोल्टांच्या डब्यात हात कशाला घालेल? तुझ्या या अकलेवर तू स्वतःच इतका खूश झालास, आणि मीही तुझी पाठ थोपटली. बाबांना सांगू का, असं मी एकदाच विचारलं. तू म्हणालास, कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही, ते चारचौघांत बोलून बसतील. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचं मला आज जेवढं वाईट वाटतं ना, तेवढं दुसऱ्या कशाचंच वाटत नाही.

अरे, ज्या माणसानं सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली, ज्याला बाकीचे कामगार यंत्रांचा डॉक्टर म्हणायचे, त्याच्या डब्यात आपण बारा नवेकोरे वायसर ठेवले आणि ते तिथेच राहतील असं धरून चाललो. बाबांना एका बोल्टवर बारा वायसर दिसले म्हणजे त्यांच्या जिवाची घालमेल होणार, हे परक्याला कळणार नाही, पण आपल्याला कळायला हवं होतं. त्यांच्या दृष्टीनं ती चक्क उधळपट्टी! एका बोल्टला फार तर दोन लागतात. अक्षरं त्यांनी पाहिली होती, कंपनीचा काहीतरी छाप असेल म्हणाले. आणि हात तर त्यांचे कधी स्वस्थ नव्हतेच. एक कुकरच्या दांड्याला, एक फाटकाच्या बिजागरीला, एक माझ्या शिलाई मशीनच्या पायाला. घरातलं संपलं तशी गल्ली सुरू झाली.

मग तू जहाजावर यंत्राचा पिन बदललास, विसरलास, चुकीचे आकडे दाबत राहिलास आणि त्यानं ठरल्याप्रमाणे स्वतःला पुसून टाकलं. तेव्हाही तुला धास्ती नव्हती. फोनवर हसत म्हणालास, ताई, बोल्ट काढ. मी डबा टेबलावर उपडा केला. बोल्ट निघाला, वायसर एकही नव्हता, पुढचं तुला माहीत आहे. पण फोन स्पीकरवर होता, हे तुला माहीत नाही. माझे हात ग्रीसनं भरलेले होते म्हणून ठेवला होता. बाबांच्या हातांनी माझी सहा वर्षं मोडून खाल्ली, हात कापून ठेवा म्हणावं त्यांना, असं तू ओरडलास तेव्हा बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. तू रागात होतास, मला कळतं रे. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते, माझी जीभ तुला ठाऊक आहे. पण मी तुला तिथल्या तिथे गप्प करायला हवं होतं, ते केलं नाही.

त्यानंतर बाबांनी पान्याला हात लावला नाही. नळ गळायचा, ते ऐकत बसायचे. मी मुद्दाम म्हटलं, बघा जरा, तर म्हणाले, प्लंबर बोलाव. बाबांनी प्लंबर बोलाव म्हणावं! मला रडूच आलं. मग तुझा तो एका ओळीचा संदेश आला. बाराही मिळाले तर क्रम लावायचा मार्ग आहे, कॉम्प्युटर सगळ्या जुळण्या करून बघतो, अकरावर भागणार नाही. मी बाबांना तो वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गडी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तयार.

मग काय विचारतोस! आम्ही दोघं दारोदार. न्हाव्याची खुर्ची उघडली, तीही गिऱ्हाईक तिच्यात साबण लावून बसलेलं असताना. तो बिचारा तसाच उठून भिंतीला टेकून उभा राहिला. पाववाल्याची ढकलगाडी आडवी केली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या पलंगाखाली बाबा पाठीवर सरपटत गेले आणि आतून ओरडले, सापडला! बाईंना वाटलं उंदीरच सापडला, त्या खुर्चीवर चढल्या. का काढताय म्हणून जो तो विचारायचा आणि बाबा म्हणायचे, माल खराब लागला होता, बदलून देतो. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या पैशानं आणलेला नवा वायसर बसवून, हलवून बघूनच उठायचे. ना कुणाला एक शब्द सांगितला, ना चारचौघांत बोलले. तू ज्यांना सांगायला घाबरलास ते हेच, धाकट्या.

अकरा मिळाले. बाबांनी ते रॉकेलनं धुतले, पुसले आणि माझ्याजवळ दिले, स्वतःपाशी ठेवायला तयार होईनात. बारावा मात्र काही केल्या आठवेना. जेवताना घास हातात धरून विचार करत बसायचे. मला म्हणायचे, त्याला कळव की शोधतोय. मी तुला कळवलं होतं. त्यावर अंगठाही आला नाही. ते विचारायचे, काय म्हणाला? मी सांगायचे, सावकाश शोधा म्हणालाय, घाई नाही. किती खोटं बोलले असेन त्या दिवसांत, आणि ते प्रत्येक वेळी खरं मानायचे.

आता तुला जे सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे ते सांगते. मी ज्या बाकावर बसले आहे तो इस्पितळातला आहे. मी दुकानात होते तेव्हा बाबांना एकदम आठवलं की स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचा खडखडाट त्यांनीच थांबवला होता. माझी वाट बघायची ना! स्टुलावर चढले, एका हातानं जाळी धरली, दुसऱ्यानं नट सोडवला, आणि स्टूल सरकलं. शेजारच्या बाईंना आवाज आला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तेही नीट झालं, पण पडून राहून छातीत कफ धरला आणि तो हटत नाही. शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाले, त्याला कळवू नकोस, त्याला वाटेल पुन्हा काहीतरी मोडून ठेवलं. फॅनमध्ये मी नंतर स्वतः हात घालून बघितलं, वायसर नव्हता. त्यांना विचारलं तर मान फिरवली. मी म्हटलं, हा धागाही तुटला.

काल त्यांचे कपडे बदलताना बंडीच्या आतल्या खिशात रुमालाची गाठ लागली. मी सोडवायला गेले तर एवढ्या अशक्तपणात त्यांनी माझं मनगट धरलं. धाप टाकत म्हणाले, पोस्टानं पाठवायचा नाही. माझ्या हातानं गेला, माझ्याच हातानं देईन, तो येईल तेव्हा. नंतर झोपले तेव्हा मी गाठ सोडून तो बारावा वायसर बघितला, पडले तेव्हा तो त्यांच्या मुठीतच असणार, आणि पुन्हा होता तसा बांधून ठेवला. शब्द मी वाचला आहे, धाकट्या. पैसे तुझे आहेत, तुझ्या घामाचे आहेत, त्यासाठी तुला अडवून धरणारी मी कोण? फोन कर, त्याच क्षणी सांगेन, बाकीचे अकराही सांगेन, आणि तू आला नाहीस तरी सांगेन. पण आलास तर मला तो शब्द माहीत आहे, तुला माहीत आहे, यातलं काही दाखवू नकोस. त्यांच्या पलंगाशी बस आणि हात पुढे कर. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. आमचं आहेच कोण, तू सोडून. दुपारी डोळे उघडले की ते आधी रुमालाची गाठ चाचपतात, मग दाराकडे बघतात. लवकर ये रे. त्यांची मूठ आता पूर्वीसारखी घट्ट मिटत नाही.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई