मकाह टोपली घरी जाताना

बाई,

इंग्रजीत मी तुम्हाला नावानं हाक मारायचे. तुम्हीच तसं सांगितलं होतं. मराठीत मात्र ते जिभेवर येत नाही.

तुम्ही ग्लासगोला आलात तेव्हा आमच्या म्युझियमच्या स्टोअरमधल्या, तुमच्या मकाह लोकांच्या टोपल्यांची देखभाल माझ्याकडे होती. अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, समुद्राकाठी तुमचं गाव. तिथल्या बायकांनी सेडरच्या झाडाच्या सालीपासून विणलेल्या या टोपल्या कितीतरी वर्षं इथल्या खणांत पडून होत्या. मी एका छोट्या टोपलीचं झाकण उचलायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "आधी तिला सांग तरी, कोण आलंय ते." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. वाकून तुमच्या भाषेत हळूच काही बोललात आणि मग टोपलीजवळ कान नेलात, आतून कुणी उत्तर देत असल्यासारखा. मग म्हणालात, "ही आमच्या घरातली वीण आहे. हिला परत न्यायचंय मला."

दुपारी स्टाफ किचनमध्ये, भांडी धुवायच्या टबात तुम्ही गावाहून आणलेली साल भिजत घातलीत. झाडाची एखादीच पट्टी सोलायची, झाड जगलं पाहिजे, असं सांगत दोन ओल्या पट्ट्या माझ्या हातात दिल्यात. मी त्या करकचून ओढत विणल्या. "घाई तुला आहे, सालीला नाही," म्हणालात आणि सगळं उसवायला लावलंत.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या लेकीचा मेल आला, तुम्ही गेल्याचा. त्याच आठवड्यात मी स्टोअरचं दार उघडते, तर ओल्या सालीचा वास. तिथली हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली. मी छत बघते, पाइप बघते, ह्युमिडिटीचा मीटर बघते. सगळं ठीक. सहकाऱ्याला बोलावते.

"वास येतोय का रे तुला?"

"कसला? मला तर नाही येत."

मला तो तेव्हापासून येतोय. रोज आत शिरताना मी दारातूनच सांगते, "बाई, मी आलेय."

टोपली परत द्यायला म्युझियमच्या कमिटीनं होकार दिला. काल मीच ती पेटीत नीट बसवली. हे पत्रही आत सरकवावं असं मनात आलं होतं, सरकवलं नाही. तुमच्या लेकीला फोन केला. ती रडली, मीही रडले. मीटिंगमध्ये सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण खरं सांगू? कमिटी नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. तुम्ही इथेच राहिला असतात.