रोटीवरचे शेवटचे दोन आकडे

मी, नुरमात सोलिएव, वय एकाहत्तर, निवृत्त गणितशिक्षक, राहणार कोकंद, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी एका सात अंकी संख्येचे भाजक काढून खात्री करून घेतली.

घर, अंगण आणि जर्दाळूची दोन झाडे मुलगी दिलफूझा हिला. हाताने फिरवायचे गणकयंत्र माझ्या शाळेला. त्याचा दांडा मध्येच अडकतो, जोर करू नये.

रोटीवर नक्षी टोचायचा ठसाही दिलफूझाला. लग्नाच्या दर वाढदिवशी तिची आई ओयदिन त्याच्या सुट्या खिळ्याने दोन रोट्यांवर संख्या टोचत असे. माझी ९३६३५८४, तिची ९४३७०५६. या मित्रसंख्या. एकीचे, ती स्वतः सोडून, सगळे भाजक मिळवले की दुसरी येते. आम्ही एकमेकांची रोटी खात असू. गणितात माझी संख्या विपुल ठरते आणि तिची न्यून. ती म्हणे, "आकडा माझा मोठा, आणि न्यूनही मीच? भांडी कोण घासतं ते विचारून तरी ठरवायचं."

ताश्कंदच्या इस्पितळात जाताना तिने रिवाजाप्रमाणे आपली संख्या टोचलेल्या रोटीचा एक घास खाल्ला आणि उरलेली परत आल्यावर खायची म्हणून भिंतीला टांगली. ती परत आली नाही.

कबरीचा दगड तिच्या भावाने, हुसनिद्दीनने करवला. मी तेव्हा अंथरुणाला खिळलो होतो. हा गृहस्थ विद्यापीठात संख्यांचा सिद्धांत शिकवतो. दगडावर कोरायची तिची संख्या त्याने टांगलेल्या रोटीवरून उतरवली. शेवटचे दोन आकडे घासात गेले होते, ते मनाने घातले: ६५. मी पलीकडच्याच खोलीत जागा होतो. दार लोटून विचारायचे होते.

नंतर मी चूक दाखवली, तर म्हणाला, "दाजी, छप्पन्न काय नि पासष्ट काय, कब्रस्तानात भागाकार कोण करतो? दगड किती गुळगुळीत आहे ते बघा ना."

९४३७०६५ ला पाचाने भाग जातो, अकरानेही जातो. तिच्या भाजकांची बेरीज माझ्या संख्येच्या निम्म्यालाही पोचत नाही. माझ्या बायकोच्या उशाशी ही परकी संख्या उभी आहे. मला शिसारी येते. तिथे दुआसाठी हात उचलवत नाहीत.

दिलफूझाने दगड बदलून घ्यावा. तोवर माझ्या कबरीवर संख्या कोरू नये. एकटीला अर्थ नाही. नवा दगड बसला की टांगलेली रोटी चुरून चिमण्यांना घालावी, आधी नाही.

हुसनिद्दीनला काहीही नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, म्हणून त्यालाच साक्षीदार केले आहे. सहीपूर्वी त्याने भागाकार करावा.

कोकंद, १४ ऑक्टोबर २०१७
सही: नुरमात सोलिएव

साक्षीदार: रहिमा तुर्दियेवा, शेजारीण. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: हुसनिद्दीन कोसिमोव. दाजी, केला. दोनदा केला. दगडवाल्याकडे मीच जातो.